गाडीला पॉलिश: हातानं मारावं की मशीननं?

दसरा जवळ आला की कोल्हापुरात गाड्या धुवायला रांगा लागतात, आणि धुऊन झाल्यावरच खरं दुखणं दिसतं. गाडी उन्हात लावून बॉनेटकडे तिरकं बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. काळ्या गाडीवर ठळक दिसतात, पांढरीवर लपतात एवढाच फरक. बहुतेक वेळा ते आपणच पाडलेले असतात. जोतिबाच्या यात्रेहून गुलाल माखून आलेली गाडी कोरड्या फडक्यानं पुसायची, ऊसाच्या हंगामात टपावर बसलेली काजळी ऑफिसला निघताना घाईत झटकायची, दुसरं काय होणार?

ही जाळी वॅक्सनं जात नाही, काही दिवस झाकली जाते. पॉलिश मात्र ती काढतं, कारण त्यात घासणारे बारीक कण असतात आणि ते वरच्या पारदर्शक थराचा, म्हणजे क्लिअर कोटचा, किंचित भाग खरवडून पृष्ठभाग सपाट करतात. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या कागदाहूनही पातळ. दर पॉलिशला तो थोडा झिजतो आणि परत येत नाही. म्हणून हात की मशीन हे ठरवताना किती झटपट होईल यापेक्षा किती थर काढायचा आहे ते बघावं.

आधी तयारी

गाडी भरपूर पाणी मारून, मग शाम्पूनं धुवा. बोअरचं पाणी असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका, क्षारांचे डाग पडतात. मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर जाणवली तर धुऊनही न निघालेले कण रुतून बसलेत. ते क्ले बारनं (रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर शाम्पूचं पाणी मारत, काढावे लागतात. क्ले खाली पडला तर सरळ टाकून द्या.

रबर, काळं प्लॅस्टिक आणि पॅनेलच्या (बॉनेट, दार अशा पत्र्याच्या एकेका भागाच्या) धारा यांवर मास्किंग टेप लावा. काळ्या प्लॅस्टिकवर वाळलेलं पॉलिश पांढरं उमटतं आणि ते काढता काढता जीव जातो. गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. रस्त्याकडेला वाऱ्यात हे काम करू नका, उडालेली धूळ थेट पॅडखाली जाते.

जो ओरखडा नखाला अडकतो त्याचा नाद सोडा. तो पॉलिशनं जाणार नाही, घासत बसलात तर आजूबाजूचा थर मात्र जाईल.

निकाल पॅनेलला देऊ द्या

बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन टेपनं आखा आणि तिथं पहिल्यांदा हातानंच पॉलिश मारा. फोमचा अ‍ॅप्लिकेटर घ्या. बोटाभोवती फडकं गुंडाळलं तर दाब बोटांच्या टोकांवरच येतो आणि पट्टे उमटतात. तीन-चार थेंब पुरेत. गोल न घासता सरळ रेषेत, आधी आडवं मग उभं, मध्यम दाब देऊन दोन-तीन मिनिटं घासा. पॉलिशचा थर विरळ झाला की चार घड्या घातलेल्या मायक्रोफायबरनं पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा.

जाळी गेली असेल तर मशीनची गरजच नाही. एकेक पॅनेल करत जा. अर्धा दिवस मोडेल आणि खांदे बोलायला लागतील, पण थर वाचेल. जाळी जरा फिकी झाली आणि तिथंच राहिली तर मात्र हाताचा दम पुरणार नाही. हल्लीच्या कित्येक गाड्यांचा क्लिअर कोट चांगला टणक असतो. शिवाय पहिल्या दारावर लागलेला जोर चौथ्या दारापर्यंत टिकत नाही.

मशीन, पण कुठलं?

वर्कशॉपांनी भरलेल्या उद्यमनगराच्या या गावात ग्राइंडर मागून आणणं सोपं आहे. त्याला पॅड लावून बघू, असं कुणाच्याही डोक्यात येईल. तसं करू नका. छोटा अँगल ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. रोटरी पॉलिशर तीन हजारांच्या आसपास थांबतो, तरी नवशिक्याच्या हातात तोही क्षणात रंग जाळतो. घरी वापरायचं असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीनच घ्या. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि डोलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. जास्त दाबलं की पॅडचं फिरणं मंदावतं, हाच त्याचा सुरक्षितपणा. पॅडमागच्या चकतीवर मार्करनं एक रेघ मारून ठेवा, फिरणं थांबलं की रेघ स्थिर दिसून लगेच कळतं.

पॅडवर हरभऱ्याएवढे चार-पाच थेंब टाका. पॅड पत्र्याला टेकवूनच बटण दाबा, नाहीतर पॉलिशचे शिंतोडे भिंतीवर. वायर खांद्यावरून पाठीमागे सोडा, ती पत्र्यावर घासू देऊ नका. कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग चार-पाच नंबरवर नेऊन सेकंदाला इंच-दीड इंच इतक्या सावकाश सरका. आधीचा पट्टा निम्मा झाकत आडवं, मग उभं, असे चार हात पुरेत. दाब मशीनच्या वजनाला हलका हात, एवढाच. पॅड सपाट ठेवा आणि बॉडीच्या उठावदार रेषांपासून लांब राहा, तिथं थर सर्वांत पातळ असतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर अजून सावध, ते लवकर तापतं.

दर चौकोनानंतर पॅड ब्रशनं साफ करा. तपासण्याआधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून टाकतं आणि आपण फसतो. फडक्यावर गाडीचा रंग आला तर थांबा. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाडीत ते साहजिक आहे, नव्या गाडीत मात्र वरचा थर संपल्याची खूण.

मशीन घेतलं तरी हात सुटत नाही. दाराच्या हँडलमागची वाटी (नखांनी सर्वांत जास्त खरवडलेली जागा), आरशाच्या कडा, कंपनीच्या अक्षरांमधल्या फटी, सगळं अ‍ॅप्लिकेटरनंच करायचं.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच राखण करणारा लेप), अगदी पातळ आणि शक्यतो हातानं. पॉलिशनं चमक येते, पण पाऊस आणि पक्ष्यांच्या विष्ठेपासून राखण वॅक्स करतं. इथला पावसाळा बघता मृग लागायच्या आत एकदा लावून घ्या. पॅड कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, आणि कामात असताना जमिनीवर पडलेलं पॅड धुतल्याशिवाय परत मशीनला लावू नका.