सात किलोंत कॅमेरा बसवताना

मागच्या प्रवासात बोर्डिंगच्या दारातच माझी कॅमेऱ्याची बॅग काट्यावर ठेवायला लावली. साडेनऊ किलो भरली, मर्यादा सातची. विमान छोटं, वरचे कप्पे अरुंद, त्यामुळे बॅग खाली सामानात द्या म्हणाले. आत दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे), तीन लेन्स आणि चार सुट्या बॅटऱ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या खाली ठेवायला मनाई असते, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. ऐन घाईत हे आठवलं म्हणून बरं. रांगेत गुडघ्यांवर बसून सगळं उपसलं. ७०-२०० मिमीची, दूरचं टिपणारी लेन्स स्वेटरमध्ये गुंडाळून खाली गेली आणि उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

परतल्यावर आधी बॅगच बदलली. रिकामीच अडीच किलोंची होती ती! आता हलकी सॅक आणि तिच्यात अख्खा उचलून काढता येणारा गादीचा कप्पा. सॅक खाली द्यायची वेळ आलीच, तर कप्पा हातात घेऊन चढतो. सगळ्यात जड लेन्स बॉडीला लावून गळ्यात. ट्रायपॉड चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.

बॅटऱ्यांच्या टोकांना टोपण, नसेल तर चिकटपट्टी. माझी एकेक बॅटरी ७.२ व्होल्ट, २२८० एमएएच, म्हणजे साठणारी ऊर्जा जेमतेम १६ वॉट-अवर, त्यामुळे परवानगीशिवाय नेण्याच्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेची काळजी नाही. व्हिडिओच्या मोठ्या बॅटऱ्या १०० ते १६० वॉट-अवरमध्ये असतील, तर मात्र विमान कंपनीची परवानगी आधीच घ्या.