फुलांचं मॉकटेल घरी करताय? आधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. उंच काचेचा ग्लास, आत काहीतरी मातकट पाणी, वर एक मलूल पाकळी चिकटलेली आणि खाली प्रश्न, "ताई, असं का झालं गं?" गेली सात-आठ वर्षं मी गच्चीतल्या कुंड्यांमधल्या फुलांची सरबतं करतेय (आता त्यालाच मॉकटेल म्हणायचं, म्हणू दे), आणि खरं सांगू का, प्रत्येक वर्षी चुका त्याच असतात, फक्त ग्लास नवीन असतात.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, फूल चव देत नाही. फूल वास देतं आणि रंग देतं. चव लिंबाची, साखरेची, आणि त्या चिमूटभर मिठाची, जे तुम्ही नेहमी विसरता. हे एकदा कळलं की निम्म्या चुका आपोआप बंद होतात, कारण मग "चव येत नाहीये" म्हणून फुलांवर फुलं टाकणं थांबतं. गोकर्णाची दहा फुलं पुरतात तिथे पंचवीस टाकली तर चव वाढत नाही, कच्च्या वालाच्या शेंगांसारखा हिरवट वास मात्र येतो.

बुके तोडून सरबत करणारे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी. आमच्या भाचीचा साखरपुडा झाला, घरात बुक्यांचा ढीग, आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की एवढे गुलाब वाया कशाला घालवायचे, गुलाबाचं सरबत करू. मी पोचेपर्यंत पातेलंभर पाकळ्या साखरेत कालवून झाल्या होत्या. लालभडक, दिसायला झकास. मी नाक लावलं तर गुलाबाचा वास शून्य, आणि मागून एक औषधी दर्प. पाकळ्या आधी मिठाच्या पाण्यात धुतल्या होत्या म्हणे. मी ते सगळं सरळ मोरीत ओतलं, त्यावरून दोन दिवस अबोला झाला, झाला तर झाला.

कारण समजून घ्या. बुक्यातला लांब दांड्याचा गुलाब पॉलीहाऊसमधला असतो, आपल्याकडे मावळात तळेगाव भागात त्याची मोठी शेती आहे, व्हॅलेंटाइनला तिथून परदेशातसुद्धा माल जातो. तो गुलाब निवडलाय तो लांब दांडी, घट्ट कळी आणि जास्त दिवस टिकणं यासाठी, वासासाठी नाही. आणि कोळी (ही कीड), भुरी (हा बुरशीचा रोग), असलं काही पडू नये म्हणून त्याच्यावर फवारण्या होतात, कारण तो कुणी खाईल असं पिकवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. त्यात त्याची काही चूक नाही. त्याने फुलदाणीसाठी पिकवला, तुम्ही प्यायला निघालात. आणि मिठाच्या पाण्याने फवारणी निघते हे कुठून आलं देव जाणे, काही औषधं झाडाच्या आत शोषली जातात, ती धुऊन कशी निघणार?

आपल्याला हवा गावठी गुलाब. फिकट गुलाबी, पाकळ्या पातळ, दुपारपर्यंत मान टाकणारा, ज्याचा गुलकंद करतात तो. एक कुंडी लावा. नसेल जमत तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणा, आणि तेही नसेल तर खाण्याच्या वाळलेल्या पाकळ्या वाण्याकडे मिळतात. फूल सकाळी लवकर तोडायचं, ऊन वर आलं की वासाचं तेल उडायला लागतं. पाकळीच्या बुडाशी पांढरट टोक असतं ते कडवट, मी कात्रीने उडवते. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण रेडिओ लावून बसलं की होतं.

वाहायच्या फुलांचंही तेच. मंदिराबाहेरच्या टोपलीतली, गजरेवालीकडची, हार-तुऱ्यातली फुलं प्यायला नाहीत. देवाला चालतात म्हणजे पोटाला चालतात असं नसतं.

खळखळा उकळणं

आपण चहावाले लोक, काहीही दिसलं की उकळतो. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. गुलाबाच्या पाकळ्या, पाणी, साखर, गॅस मोठा, वीस मिनिटं. घरभर असा सुगंध की शेजारच्या काकू विचारायला आल्या, "अत्तर सांडलं का गं?" मी खूश. थंड करून प्यायले तर उकडलेल्या पालेभाजीचं गोड पाणी. तेव्हा नाही कळलं, नंतर कळलं, घरभर वास सुटला तेव्हाच तो भांड्यातून गेला होता.

तेव्हापासून फुलं आणि गॅस यांची मी भेटच होऊ देत नाही. गुलाबाला माझी पद्धत अशी: दोन वाट्या पाकळ्या, एक वाटी साखर, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात हाताने चुरडायचं, पाकळ्या लोळागोळा होऊन ओल्या दिसेपर्यंत, मग झाकून चार-पाच तास, जमलं तर रात्रभर. सकाळी त्यात वाटीभर कोमट पाणी, ढवळून साखर विरघळवायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचं. आता बघाल तर रंग जरा मळकट जांभळट असेल. घाबरून खायचा रंग शोधायला जाऊ नका. अर्ध्या लिंबाचा रस टाका आणि बघा, डोळ्यांसमोर गुलाबी होतो. फुलांच्या रंगाला आंबट लागतं तेव्हा तो खुलतो, बस इतकंच आहे.

"रात्रभर? काही झटपट नाही का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. आहे ना, दुकानात लाल सरबताची बाटली मिळते, ती आणा, त्यात काही कमीपणा नाही. पण घरच्या फुलांचं हवं आणि दहा मिनिटांत हवं, हे दोन्ही एकदम नाही मिळत बाई.

गोकर्ण आणि आधीच पिळलेलं लिंबू

आता हा किस्सा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आमच्या नणंदेकडे, पस्तीसेक बायका. दरवर्षी आंब्याची डाळ आणि पन्हं असतं. त्या वर्षी हिने कुठलं तरी रील पाहिलं, निळं पाणी, वरून लिंबू, क्षणात जांभळं-गुलाबी, आणि ठरवलं की पन्ह्याबरोबर हेही. फुलं माझ्याकडून नेली, वाळवलेली, डबाभर. मी बजावून सांगितलं, निळं पाणी वेगळं, लिंबू वेगळं, सोडा बंद बाटलीत. "हो वहिनी, कळलं."

संध्याकाळी गेले तर टेबलावर मोठं काचेचं भांडं आणि त्यात मंद जांभळं पाणी. ऐनवेळी घाई नको म्हणून हिने सकाळीच बारा लिंबं पिळून टाकली होती. आणि सोड्याच्या बाटल्याही तेव्हाच ओतलेल्या, कारण फ्रिजमध्ये जागा हवी होती. पोरं टेबलाभोवती गोळा झालेली, जादू दाखव म्हणून, हिने वरून आणखी लिंबू पिळलं, काही झालं नाही. आणखी पिळलं. जांभळ्याचं जरासं गुलाबीकडे सरकलं, आणि तोंड वाकडं होईल इतकं आंबट झालं, तेवढंच. एका आजींनी घोट घेऊन विचारलं, "जांभळाचं सरबत का? या दिवसांत जांभळं कुठे मिळाली?" पन्हं होतं म्हणून लाज राहिली.

गोकर्णाचा निळा रंग साध्या पाण्यात निळा, आंबट लागलं की जांभळा, जास्त आंबट झालं की गुलाबी. हा बदल ग्लासात, समोरच्याच्या डोळ्यांदेखत व्हायला हवा, भांड्यात झाला की संपलं. म्हणून करायचं असं: दहा-बारा ताजी फुलं (हिरवा देठ काढून) किंवा सहा-सात वाळलेली, त्यावर कपभर गरम पाणी, उकळी येऊन गॅस बंद केल्यावरचं. झाकण. पाच मिनिटं. गाळून थंड करायचं. ग्लासात चार चमचे साखरेचा पाक, चिमूटभर मीठ, बर्फ, मग पाऊण ग्लासापर्यंत थंड सोडा, वरून हळूच निळं पाणी. लिंबाची फोड बशीत. ज्याचं त्याने पिळावं, लहान मुलांना तर तेच हवं असतं.

पाणी निळ्याऐवजी हिरवट येत असेल तर तुमचं पाणी जड आहे. बोअरवेलवाल्यांकडे हे हमखास होतं, फिल्टरचं पाणी घ्या. आणि खाण्याचा सोडा टाकून फेस आणणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांचंही हिरवंच होतं. प्यायचा सोडा वेगळा हो.

जास्वंदीचा घोळ

बाजारात ‘हिबिस्कस टी’ म्हणून जे वाळलेलं लालचुटुक मिळतं ती आपल्या दारातली जास्वंद नाही, ती लाल अंबाडी. तिच्या फुलाखालचा मांसल आंबट भाग असतो तो. त्यामुळे त्याची रेसिपी वाचून दारातली जास्वंद वापरली की आंबटपणा कुठाय म्हणून लोक मला मेसेज करतात. नसतोच तो. जास्वंदीच्या फक्त लाल पाकळ्या घ्या, मधली परागांची दांडी आणि हिरवा भाग काढून टाका, गरम पाणी ओता, पाच मिनिटांत गाळा. जास्त ठेवली किंवा उकळली की बुळबुळीत होतं. लिंबू इथे हवंच, रंगालाही आणि चवीलाही. गरोदर बाईला मात्र मी जास्वंदीचं देत नाही, डोहाळजेवणाला सरळ कोकम सरबत.

मोगऱ्याबद्दल थोडक्यात. माठात मोगरा टाकायची आपली जुनी पद्धतच सगळ्यात बरी. मोगरा संध्याकाळी उमलतो आणि रात्री वास देतो, म्हणून घरच्या झाडाची पंधरा-वीस फुलं दिवेलागणीला लिटरभर गार पाण्यात सोडायची आणि सकाळी उठल्या उठल्या काढायची. दुपारपर्यंत राहिली की तपकिरी पडतात, पाणी कडू. या पाण्यात नुसता पाक, लिंबाचे चार थेंब, बर्फ. पुदिना वगैरे घालून त्याचा खून करू नका.

आता किरकोळ, पण रोजच्या.

थंड पाण्यात साखर ढवळत बसू नका, तळाशीच राहते. वाटीभर साखरेला वाटीभर पाणी, विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार बघायला हा गुलाबजामचा पाक नाही. सोडा नेहमी गार आणि शेवटी (गोकर्णाचं वरचं सोडून), ग्लासाच्या कडेने. चमच्याने गरागरा ढवळलात तर फेस सगळा गेला. अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, पितळ यात फुलांचं काही करू नका, रंग काळवंडतो. चेहऱ्याला लावायचं गुलाबपाणी सरबतात घालू नका, खाण्याचं वेगळं मिळतं, बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असतो तो बघा, आणि तेही ग्लासाला पाव चमचा, नाहीतर आंघोळ केल्यासारखं वाटतं. केवडा तर थेंबात. सब्जा पंधरा मिनिटं भिजवा, कोरडा टाकून लगेच प्यायलात तर घशात अडकतो. बर्फात फूल गोठवायचं असेल तर आधी अर्धा साचा गोठवा, त्यावर फूल ठेवून उरलेलं पाणी घाला, एकदम घातलं की फूल वर तरंगून अर्धं बाहेर राहतं.

आणि एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. फोटोसाठी वाट्टेल ते फूल ग्लासात खोचू नका. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, घाणेरी, ही विषारी आहेत, कण्हेरीचं विष तर थेट हृदयावर जातं. सदाफुलीपासून कॅन्सरची औषधं काढतात, म्हणजे ती गुणकारी असेल, पण सरबतात घालायची वस्तू नव्हे. तगर आणि मोगरा दोन्ही पांढरी म्हणून गल्लत करणारेही भेटलेत मला. "नुसतं वर ठेवलंय, खाणार थोडीच आहोत" असं म्हणतात, पण फूल त्याच पाण्यात भिजत असतं ना. नक्की माहीत नसेल तर पुदिन्याचं पान खोचा, फोटो तितकाच छान येतो.

उरलेला पाक स्वच्छ कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये, वर तारीख लिहून. मी दोन आठवडे धरते, आधीच बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर फेकते. गोकर्णाचं नुसतं निळं पाणी मात्र दोन दिवसांच्या वर ठेवत नाही.

बाकी, परवाच नणंदेचा मेसेज आला. यंदा तिने स्वतःच गोकर्ण लावलाय, खिडकीतल्या कुंडीत. "वहिनी, बी पेरून आठ दिवस झाले, दोन पानं आलीत, फुलं हळदीकुंकवापर्यंत येतील ना?" हळदीकुंकू येत्या शुक्रवारी आहे. मी कळवलं, दीड-दोन महिने लागतात गं, तोवर कैऱ्या उकडायला घे.