फवारणी गाईवर, गोचीड भिंतीत: घरगुती उपाय करताना या चुका टाळा

श्रावण लागला की आमच्या गोठ्यात एक ठरलेला संवाद होतो. मी निंबोळी तेलाची बाटली काढतो आणि आई म्हणते, "मागच्या वर्षीबी मारलं होतंस की, काय उजेड पडला?" तिचं बरोबर होतं. तेल झालं, पाला झाला, धूर झाला, तरी गोचीड होतेच. कुठं चुकत होतं ते कळायला मला दोन पावसाळे गेले.

पहिल्या वर्षी पाठीवरच्या पंपात पंधरा लिटर पाणी घेतलं, त्यात पाव लिटर तेल ओतलं, काठीनं ढवळलं आणि सुरू केलं. तेल वर तरंगणार, पंप खालून ओढणार, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. पहिल्या चार गाईंवर मी नुसतं पाणी मारत होतो. दावणीच्या शेवटी बांधलेल्या कालवडीच्या वाट्याला मात्र घट्ट तेल आलं. आठवडाभर तिचे केस चिकटलेले आणि खांद्यावरची कातडी लाल.

तेल आधी साबणात फोडून घ्यावं लागतं. मगात तेल घ्या, त्यात पातळ साबण किंवा रिठ्याचं दाट पाणी घालून घोटा, मग कोमट पाणी थोडं थोडं सोडत जा. ताकासारखं पांढरं झालं की पंपात ओता. लिटरला १५ मिली तेल मला पुरतं. वर तवंग दिसला तर साबण कमी पडलाय. तळहाताएवढ्या जागेवर आधी लावून एक दिवस बघा आणि लागेल तेवढंच बनवा. निंबातला अझाडिरॅक्टिन हा घटक पाण्यात आणि उन्हात फार टिकत नाही, त्यामुळे कालचं उरलेलं आज मारण्यात अर्थ नाही.

तेल कुठलं, हेही बघा. कृषी सेवा केंद्रात १५०० किंवा १०००० पीपीएम (म्हणजे अझाडिरॅक्टिनचं प्रमाण) लिहिलेलं 'नीम' मिळतं ते पिकांसाठी असतं. त्यात इतर द्रावकं मिसळलेली असतात. बाटलीवर निंबाचं पान छापलंय म्हणून ते गाईच्या कातडीवर चालेल असं नाही. घाण्याचं साधं निंबोळी तेल घ्या.

आज मारलं, उद्या गळायला हवेत?

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. निंब हे झटक्यात मारणारं औषध नाही. त्यानं किडा अंगापासून दूर राहतो, त्याचं कात टाकणं आणि अंडी घालणं बिघडतं. दुसऱ्या दिवशी कानात बघून "काही उपयोग नाही" म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी दुकानातून विषारी औषध आणतो.

गोचिडाचा हिशेब समजून घेतला की घाई कमी होते. आपल्याकडे गाईवर नेहमी दिसणारा गोचीड साधारण तीन आठवडे जनावराच्या अंगावर काढतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या सांध्यात किंवा दगडाखाली शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. त्यातून निघालेली पिल्लं काही न खाता महिनोन्महिने दबा धरून बसू शकतात. म्हणजे अंगावर दिसतात ते थोडेच. बाकी सगळी फौज गोठ्यात.

म्हणून आठवड्याला एक, अशा सहा-सात फवारण्या, आणि प्रत्येक वेळी गाईइतकंच भिंतीकडे लक्ष. भेगा खरवडायच्या, सिमेंटनं बुजवायच्या, वर चुन्याचा हात. आमची एक भिंत जुन्या दगडमातीची आहे. तिच्या एका भेगेत मी खिळा फिरवला, तर वाटीभर माती आणि तिच्यात साबुदाण्यासारखे चिकटलेले तपकिरी पुंजके निघाले. ते आईला दाखवले, तेव्हापासून ती बाटलीला नावं ठेवत नाही. गोठ्यात मोकळ्या कोंबड्या असतील तर उत्तम, त्या खाली पडलेले गोचीड टिपतात.

हातानं गोचीड उपटून तिथंच टाकणं किंवा नखानं चिरडणं, दोन्ही बंद करा. खाली टाकलेली फुगलेली मादी अंडी घालणारच. आणि चिरडताना तिचं रक्त आपल्या हाताला लागतं. गोचिडांतून माणसाला होणारा काँगो ताप भारतात २०११ साली गुजरातमध्ये पहिल्यांदा आढळला, २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात प्रशासनानं त्याबद्दल सावध केलं होतं. हातमोजे घाला, काढलेले गोचीड साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका.

पाल्याचा काढा

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं, म्हणजे एनडीडीबीनं, गोचिडांसाठी एक कृती दिलीय: लसूण १० पाकळ्या, निंबाचा पाला, निंबोळ्या, तुळस आणि घाणेरीचा (टणटणीचा) पाला प्रत्येकी मूठभर, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम. वाटायचं, लिटरभर पाण्यात कालवायचं, गाळून अंगावर आणि गोठ्याच्या भेगांत मारायचं. ऊन असताना मारा. पावसाच्या तोंडावर मारलेलं वाहूनच जातं.

यात दोन गफलती होतात. गाळून उरलेला चोथा गव्हाणीजवळ टाकला जातो. घाणेरी जनावराच्या पोटात गेली तर काविळीसारखा आजार होतो, यकृतावर परिणाम होतो. चोथा खड्ड्यात पुरा. दुसरं, धारेच्या आधी फवारणी. लसणाचा आणि निंबाचा वास दुधाला लागतो आणि डेअरीवर बोलणी खावी लागतात. धार काढून झाल्यावर मारा, संध्याकाळच्या धारेआधी कास धुऊन घ्या.

'झाडपाल्याचं आहे, काय होतंय' हे वाक्य मात्र मला घाबरवतं. तंबाखूचं पाणी कातडीतून आत जातं. लाळ, थरथर, झोकांड्या, आणि वासरू असेल तर जीवावरही बेततं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, गाईच्याही आणि लावणाऱ्याच्याही. इंजिनाचं जळकं तेल तर झाडपाल्यातही बसत नाही, तरी सर्रास लावलं जातं. जनावर अंग चाटतं आणि त्यातलं शिसं पोटात जातं.

माश्यांचं गणित वेगळं

गाय सारखे पुढचे पाय आपटत असेल तर ती चावरी माशी, घरमाशी नव्हे. ती पायांना चावते आणि आपण फवारा मारतो पाठीवर! गुडघ्याखाली कापडानं करंज किंवा निंबोळी तेलाचं साबणपाणी लावा. पण तिची पैदास गव्हाणीखालच्या ओल्या, मूत-शेणात कुजलेल्या कडब्यात होते. तो आठवड्यातून दोनदा उपसला नाही तर तेलाचे पैसे वाया.

धुरी फक्त तिन्हीसांजेला, डास आणि केमरं सुटतात तेव्हा. वाऱ्याच्या बाजूला, गोठ्याबाहेर. ओला पाला आत कोंडून पेटवला तर माश्यांआधी वासरं खोकतात. कडब्याच्या गंजीजवळ तर शेगडी नकोच.

आता आमच्याकडे दर रविवारी आई प्रत्येक गाईच्या शेपटीखालचे आणि कासेजवळचे गोचीड मोजते आणि दाराआडच्या कॅलेंडरवर आकडा लिहिते. सलग तीन रविवार आकडा उतरला नाही तर आम्ही भिंत पुन्हा तपासतो. ताप आला, लघवी लाल झाली, मानेजवळ गाठ सुजली किंवा अंगावर गाठी उठल्या तर मात्र आकडा, तेल, पाला सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन. तो गोचिडांतून होणारा थायलेरिया किंवा बबेसियाचा ताप, नाहीतर लम्पी हा कातडीचा रोग असू शकतो. लम्पीचं लसीकरणही धुरीवर भागवायचं नाही. २०२२ च्या साथीत आमच्या आळीत तसं ज्यांनी केलं, त्यांच्या दोन दावणी अजून मोकळ्या आहेत.