रुग्णवाहिकेला फ्यूज कितीचा घालायचा? आधी वायर बघा

उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात मी गाड्यांचं वायरिंग शिकलो. आता बेळगावातच माझं छोटं शेड आहे. रुग्णवाहिकांवर लाइट बार (छतावरची लुकलुकणारी दिव्यांची पट्टी), सायरन, सक्शन मशीन (पेशंटच्या घशातला कफ ओढून काढणारं), इन्व्हर्टर (बॅटरीवर २३० व्होल्ट तयार करणारा) असं सगळं बसवून देतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची आयटीआय झालेली पोरं हाताखाली येतात. पहिल्या आठवड्यात त्यांचा प्रश्न ठरलेला: "दादा, ह्याला कितीचा फ्यूज घालू?" मी विचारतो, "वायर कितीची ओढलीस?" बहुतेकांना ते सांगता येत नाही. तिथूनच शिकवायला सुरुवात करावी लागते.

सुरुवातीला मलाही सांगता आलं नसतं. काम शिकून दोनेक वर्षं झाली होती. एका रुग्णवाहिकेच्या मागच्या केबिनच्या पंख्याचा १५ अँपिअरचा फ्यूज सारखा जात होता. ड्रायव्हर घाईत होता. मी ३० चा घातला, पंखा फिरला, गाडी गेली. आठवड्यानं जांबोटीच्या रस्त्यावर ड्रायव्हरच्या सीटखालून धूर आला. पेशंटला उतरवून परत येताना हे झालं, म्हणून निभावलं. गाडी ओढून आणली आणि मॅट उचलली, तर दीड स्क्वेअर एमएमच्या (हे आतल्या तांब्याच्या जाडीचं माप) वायरचं कव्हर वितळून शेजारच्या वायरींना चिकटलं होतं. पंख्याचं बेअरिंग धरलं होतं, मोटर २४ अँपिअर ओढत होती, आणि माझा ३० चा फ्यूज अगदी शाबूत होता. २४ वर तो जाणार तरी कशाला? वस्ताद एवढंच म्हणाले, "काय करूलालास रे? फ्यूज जळूलालाय म्हणजे कायतरी सांगूलालाय की तुला." पेशंट आत असताना, ऑक्सिजन चालू असताना हे झालं असतं तर, हा विचार अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

फ्यूज असतो वायरीसाठी. मशीन वाचवायला बहुतेक मशीनच्या आत त्याचा वेगळा फ्यूज असतोच. बॅटरीपासून मशीनपर्यंत जी वायर जाते ती तापून पेटू नये, हे आपल्या फ्यूजचं काम. म्हणून फ्यूजचा आकडा मशीनच्या चालू करंटपेक्षा जास्त हवा आणि वायर सोसेल त्यापेक्षा कमी हवा. या दोहोंच्या मध्ये जागाच उरत नसेल तर वायर जाड घ्या. फ्यूज वाढवू नका.

इलेक्ट्रिशियन ट्रेडची पोरं इथं हमखास अडखळतात, कारण त्यांचा हात घरच्या २३० व्होल्टवर बसलेला असतो. १००० वॉटचा इन्व्हर्टर म्हटलं की त्यांना चार-साडेचार अँपिअर आठवतात. गाडीत १२ व्होल्ट. १००० भागिले १२, म्हणजे ८३ अँपिअर. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर ९८. त्याला साधा पात्याचा, म्हणजे दोन चपट्या पायांचा रंगीत प्लास्टिकचा फ्यूज चालत नाही. नटबोल्टानं कसायचा १२५ चा फ्यूज आणि ३५ स्क्वेअर एमएमची आखूड केबल लागते. फायर ब्रिगेडच्या मोठ्या ट्रकवर २४ व्होल्ट असतात, तिथं त्याच वॉटला निम्मा करंट. गाडी किती व्होल्टची हे मीटर लावून बघितल्याशिवाय हिशेब मांडू नका.

आता लाइट बारचं उदाहरण घेऊ. लेबलवर ११० वॉट आहेत. १२ नं भागलं की ९.२ अँपिअर. सतत चालणाऱ्या लोडला फ्यूज काठोकाठ घालत नाहीत, पाव पट वाढवायचा. साडेअकरा येतात, त्यावरचा बाजारात मिळणारा फ्यूज १५ चा. आता वायर. छतापर्यंत पाच मीटर जायला, पाच परत यायला. दीड स्क्वेअरमध्ये जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो, अडीचमध्ये साधारण ०.६५. मी अडीच घेतो. एक तर ती १५ चा फ्यूज निवांत सोसते, आणि दुसरं म्हणजे रुग्णवाहिकेत वायरी जुडग्यात, मॅटखाली, इंजिनाजवळून जातात. तिथं उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळं कॅटलॉगमधला आकडा जसाच्या तसा धरता येत नाही.

मोटरवाल्या वस्तू वेगळ्या. सक्शन मशीन, पंखा सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात. तेवढ्यानं योग्य फ्यूज जात नाही, तो तापायला थोडा वेळ घेतोच. १५ च्या फ्यूजमधून २० गेले तरी तो कित्येक मिनिटं तग धरू शकतो. म्हणून फ्यूज वारंवार जात असेल तर आधी डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं) लावा, बेअरिंग बघा, पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरीला रबरी ग्रोमेट (पत्र्याची धार लागू नये म्हणून भोकात बसवायची कडी) आहे का ते बघा. फ्यूजमध्ये तार गुंडाळणं, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावणं, हे माझ्या शेडमध्ये ज्यानं केलं त्याला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं नाही.

पात्याच्या फ्यूजचे रंग पाठ करा: ५ बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. पण मोठ्या मॅक्सी फ्यूजमध्ये लाल म्हणजे ५० आणि निळा म्हणजे ६०. तेव्हा रंग बघून उचला, आकडा वाचून घाला.

मेन फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. डॅशबोर्डखाली सोयीचा पडतो म्हणून तिथं लावला तर बॅटरी ते डॅशबोर्ड ही सगळी वायर उघडी राहते, आणि पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर अडवायला मध्ये काहीच नाही. आमच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीकडं तर फारच, पावसाळाभर सगळं ओलं असतं. होल्डरमध्ये पाणी गेलं की पात्यांवर हिरवट गंज चढतो, सांधा तापतो, आणि फ्यूज बरोबर असूनही होल्डर वितळतो. झाकणाचा, रबरी सील असलेलाच होल्डर घ्या. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक, ते दाबायच्या खास क्रिम्पिंग प्लायरनंच दाबा. साध्या पक्कडनं दाबलेला लग मला ओढून बघताच हातात येतो.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. फ्यूज लहान पडला आणि चोर्ला घाटात रात्री सायरन, लाइट, केबिनचा दिवा सगळं एकदम गेलं, तर तोही पेशंटच्या जिवाशीच खेळ. म्हणून एका फ्यूजवर दोन वस्तू मी जोडत नाही. सायरनचा वेगळा, लाइट बारचा वेगळा, सक्शनचा वेगळा, केबिनच्या दिव्याचा वेगळा. वेळ जास्त जातो, मालकही कधी कुरकुरतो. तरी मी ऐकत नाही.

गाडी सोडण्याआधी सगळं एकदम चालू करून अर्धा तास ठेवायचं आणि प्रत्येक फ्यूजच्या होल्डरला हात लावून बघायचा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर काम परत उघडायचं. मग झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवायचा: कोणता फ्यूज कशाचा, कितीचा, वायर कितीची. आमच्याकडं ड्रायव्हर कधी मराठी असतो, कधी कन्नड, म्हणून दोन्ही भाषांत लिहायचं. खाली प्रत्येक आकड्याचे दोन-दोन फ्यूज पुडीत बांधून ठेवायचे, त्याच आकड्याचे.