लॅपटॉप विकताय? डेटा पुसताना या चुका टाळा

रिसायकल बिन रिकामी केली किंवा क्विक फॉरमॅट मारला की काम झालं, असं समजू नका. पुसली जाते ती फक्त कोणती फाइल कुठे आहे याची नोंद. हार्ड डिस्कवर मजकूर तसाच राहतो आणि रेकुव्हा, फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रॅमने घेणारा तो परत काढू शकतो. डाउनलोड्समधल्या ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. शेजारी बायोडेटाची फाइल असेल तर कुलपालाच किल्ली लावून दिल्यासारखं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी आणि मग रिमूव्ह एव्हरीथिंग निवडा. पुढच्या 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' मुद्दाम चालू करावं लागतं. तिथेच सगळ्या ड्राइव्हवरच्या फायली पुसायचा पर्यायही असतो. तो राहिला तर सी ड्राइव्ह कोरा होतो आणि डी ड्राइव्ह, म्हणजे जिथे आपल्याकडे सगळे फोटो आणि टॅलीचा डेटा असतो, तो जसाच्या तसा गिऱ्हाइकाकडे जातो.

त्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर डिस्क एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी) ते बघा, कारण दोन्हींची पद्धत वेगळी.

हार्ड डिस्कसाठी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबा, डिस्कपार्ट हा विंडोजचा डिस्क हाताळायचा प्रोग्रॅम उघडा. 'लिस्ट डिस्क'मध्ये आकार पाहून योग्य डिस्क निवडा आणि 'क्लीन ऑल' द्या. नुसतं 'क्लीन' दिलंत तर फक्त पार्टिशनची माहिती जाते. १ टीबीला साधारण दोन-तीन तास लागतात आणि स्क्रीनवर टक्केवारी दिसत नाही. मशीन अडकलं समजून बरेच जण मध्येच बंद करतात. चार्जर लावून ठेवा आणि हात लावू नका. संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांनी १९९६ साली सुचवलेली ३५ वेळा पुसायची पद्धत जुन्या डिस्कांसाठी होती. आजच्या डिस्कला एक फेरी पुरते.

एसएसडीवर मात्र वरून शून्यं लिहून भागत नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर नवं लिखाण दुसऱ्याच जागी टाकतो, शिवाय काही जागा राखीव असते, तिथपर्यंत प्रोग्रॅम पोचतच नाही. बायॉसमधला (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमधला) किंवा डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला 'सिक्युअर इरेज' वापरा. तो नसेल तर आधी बिटलॉकर, म्हणजे डेटा सांकेतिक रूपात कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू करा, मग रीसेट. बिटलॉकर विचारेल तेव्हा 'फक्त वापरलेली जागा' नको, पूर्ण ड्राइव्ह निवडा. नाहीतर आधी डिलीट केलेल्या फायली उघड्याच राहतात.

काम झाल्यावर फोटोरेक चालवून बघा. जुन्या फायली सापडल्या तर पद्धत चुकली आहे, पुन्हा पुसा. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या डिव्हाइसेस यादीतूनही हा लॅपटॉप काढून टाका. मॅक असेल तर पुसण्याआधी 'फाइंड माय' बंद करा. नाहीतर अ‍ॅक्टिव्हेशन लॉकमुळे नव्या मालकाला तो सुरूच करता येणार नाही.