‘भांडवल’ गटाने वाचताय? या चुका टाळा

मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड वाचायला जमलेले गट बहुधा पहिल्याच प्रकरणात विस्कटतात. दोष मतभेदांना दिला जातो, पण नीट ऐकलं तर एकच शब्द चौघे चार अर्थांनी वापरत असतात. गट समोरासमोर बसणारा असो की पडद्यावर भेटणारा, अडचणी जवळजवळ त्याच असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या बैठकीआधीच टाळता येतात.

वेगवेगळ्या आवृत्त्या

‘आठवं प्रकरण काढा’ म्हटलं की एकजण कामाच्या दिवसावरचं प्रकरण काढतो, दुसरा स्थिर आणि बदलत्या भांडवलावरचं. दोघेही बरोबर असतात. जर्मन आवृत्तीत पहिल्या खंडाची 25 प्रकरणं आहेत, तर 1887च्या इंग्रजी आवृत्तीत 33. जर्मनमधलं चौथं प्रकरण इंग्रजीत चौथं, पाचवं आणि सहावं असं तीन ठिकाणी विभागलं आहे, म्हणून पुढचे आकडे दोनाने सरकतात. कामाचा दिवस जर्मनमध्ये 8वा, इंग्रजीत 10वा. यंत्रांचं प्रकरण 13वं आणि 15वं. त्यामुळे पान क्रमांक सांगूच नका. प्रकरणाचं नाव, पोटभाग आणि परिच्छेदाचा क्रमांक सांगा. कोणाकडे कोणती आवृत्ती आहे याची यादी आधीच करून ठेवा.

‘किंमत’ आणि ‘स्थिर’ हे दोन फसवे शब्द

बोलताना आपण ‘किंमत’ म्हणतो तेव्हा मूल्य (वस्तू बनवायला समाजात सरासरीने लागणारं श्रम), विनिमयमूल्य (दुसऱ्या वस्तूशी अदलाबदलीचं प्रमाण) आणि बाजारभाव हे तिन्ही त्यात मिसळतात. पहिल्या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद मात्र यांना वेगळं ठेवण्यावर उभा आहे. म्हणून 15-20 शब्दांची यादी करा आणि गटापुरती पक्की करा. मजुराने स्वतःच्या मजुरीपलीकडे निर्माण केलेल्या मूल्याला वरकड मूल्य म्हणा किंवा अतिरिक्त मूल्य म्हणा, पण एकच म्हणा. श्रम (प्रत्यक्ष काम) आणि श्रमशक्ती (काम करण्याची क्षमता) यांत कोणी घोटाळा केला की तिथल्या तिथे थांबवा. मालक श्रमशक्ती विकत घेतो, श्रम नाही. हा फरक निसटला तर पुढचं काहीच लागत नाही.

त्याहून मोठा गोंधळ ‘स्थिर भांडवल’ या शब्दाचा. मराठीत तो दोन निराळ्या जोड्यांसाठी वापरला जातो. पहिली जोडी वरकड मूल्य कुठून येतं ते सांगते: यंत्र आणि कच्चा माल एका बाजूला, मजुरी दुसऱ्या बाजूला. दुसरी जोडी गुंतवलेलं मूल्य परत कसं येतं ते सांगते: यंत्राचं हप्त्याहप्त्याने, कापसाचं आणि मजुरीचं एकदम. आमचा सल्ला असा की पहिल्या जोडीला ‘स्थिर–बदलते’ आणि दुसरीला ‘स्थायी–खेळते’ म्हणावं. मग कापूस स्थिर असूनही खेळतं भांडवल आहे हे सरळ बोलता येतं. ही तपासणी एकदा फळ्यावर करा: यंत्र, कापूस, कोळसा, मजुरी, प्रत्येकासमोर दोन शब्द.

आकडेमोड सोडून देणं

‘गणित नंतर बघू’ म्हणणारा गट सातव्या प्रकरणात (इंग्रजी क्रमांक) अडकतो. तिथलं सूत कातण्याचं उदाहरण प्रत्येकाने स्वतःच्या हाताने मांडावं. सहा तासांत 10 पौंड कापसाचं सूत होतं: कापूस 10 शिलिंग, चातीची झीज 2, नव्या श्रमाने घातलेलं मूल्य 3; एकूण 15. दिवसाची श्रमशक्ती 3 शिलिंगांना घेतली आहे, म्हणजे मालकाचेही 15च गेले. हाती काही उरलं नाही. आता तोच मजूर 12 तास राबतो: कापूस 20, झीज 4, नवं मूल्य 6, सूत 30 शिलिंगांचं. खर्च मात्र 20+4+3, म्हणजे 27. वरचे 3 शिलिंग हे वरकड मूल्य.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, मजुराला ‘कमी पैसे देऊन फसवलं’ असा अर्थ लावणं. उदाहरणात श्रमशक्तीचं पूर्ण मूल्य दिलेलं आहे आणि तरीही वरकड निघतं. मार्क्सच्या मांडणीचं बळ नेमकं इथे आहे. दुसरी चूक दरांची. वरकड मूल्याचा दर म्हणजे वरकड भागिले मजुरी: 3 भागिले 3, म्हणजे 100 टक्के. नफ्याचा दर म्हणजे वरकड भागिले एकूण खर्च: 3 भागिले 27, म्हणजे साधारण 11 टक्के. हे दोन दर एकमेकांच्या जागी वापरले की चर्चा तासभर भरकटते.

तिसऱ्या खंडात उडी

कोणीतरी दुसऱ्याच बैठकीत म्हणतो, ‘पण वस्तू मूल्यानुसार विकल्याच जात नाहीत!’ प्रश्न रास्त आहे, जागा चुकली आहे. तो 1894च्या तिसऱ्या खंडाच्या नवव्या प्रकरणाचा विषय आहे. तिथे प्रत्येकी 100ची पाच भांडवलं आहेत, वरकड मूल्याचा दर सगळीकडे 100 टक्के, एकूण वरकड 110, सरासरी नफा 22. 60 स्थिर आणि 40 बदलतं असलेलं भांडवल 40 वरकड निर्माण करून 22च मिळवतं. 95 आणि 5 असलेलं 5 निर्माण करून 22 मिळवतं. मार्क्सने स्थिर आणि बदलतं भांडवल मूल्यातच मोजून उत्पादन-किमतीत (खर्च अधिक सरासरी नफा) का बदललं नाही, हा वाद अर्थशास्त्रज्ञ बोर्टकीविचच्या 1907च्या टीकेपासून चालला आहे. प्रश्न वहीत नोंदवा, तारीख घाला आणि तिथे पोचल्यावर उघडा. दडपू नका, विचारणारा गट सोडून जातो.

घाईघाईने लेबल लावणं

‘मजूर लावतो, म्हणजे शेतकरी भांडवलदार’ हे वाक्य प्रत्येक गटात येतं. 1970च्या दशकात मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त भारतीय शेतीतल्या उत्पादनपद्धतीवर, म्हणजे ती भांडवलशाही आहे की नाही यावर, मोठा वाद झाला. अर्थशास्त्रज्ञ उत्सा पटनाईक यांचा मुद्दा होता की नुसती मजुरी पुरेशी नाही; वरकड पुन्हा शेतीत गुंतवलं जातं का, तेही पाहिलं पाहिजे. ऊस किंवा कापसाचं उदाहरण घेताना हाच प्रश्न आधी विचारा.

बैठकीचा आराखडा

8 ते 12 जण, दीड तास, 12-15 पानं. पहिल्या प्रकरणाला चार बैठका द्या. त्यातल्या दोन एकट्या तिसऱ्या पोटभागाला, म्हणजे मूल्यरूपाला (मूल्य शेवटी पैशाच्या रूपात कसं दिसू लागतं). एकाने 20 मिनिटं मांडणी करावी, दुसऱ्याने टिपण घ्यावं, आणि ही कामं दर वेळी फिरवावीत, नाहीतर जाणकार बोलतो आणि बाकीचे ऐकतात. पहिलं प्रकरण अगदीच जड गेलं तर मार्क्सनेच 1867मध्ये आपल्या मित्राच्या, कुगेलमान यांच्या, पत्नीसाठी सुचवलेली वाट घ्या: आधी कामाचा दिवस, मग सहकार्य, श्रमविभागणी आणि यंत्रं, शेवटी आदिम संचय (सुरुवातीचं भांडवल कसं जमलं). पण मग मूल्याच्या प्रकरणाकडे परतायची तारीख त्याच दिवशी ठरवून टाका.