मोठ्या मापाचा जुन्या धाटणीचा सूट: घेण्याआधीची तयारी

आधी दशक ठरवा. 'व्हिंटेज' या एकाच नावाखाली एकमेकांशी अजिबात न पटणारे कट विकले जातात. 1960 च्या दशकातला सूट अंगासरशी, आखूड कोटाचा, अरुंद लॅपलचा (कोटाच्या कॉलरखालची उलटी दुमडलेली पट्टी) आणि निमुळत्या पँटचा. 1930 च्या दशकातला त्याच्या अगदी उलट. लंडनचे शिंपी फ्रेडरिक शोल्ट यांनी पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या राजपुत्रासाठी जो ड्रेप कट रूढ केला, त्यात छातीवर आणि पाठीवर मुद्दाम जास्तीचं कापड सोडलेलं असतं. त्या काळातली पँट बेंबीपर्यंत चढते आणि मांडीला भरपूर घेर असतो. अंग भरलेलं असेल तर तुमचा काळ हा: 1930 चं दशक, किंवा दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची पाच-सात वर्षं. पोट पुढे असेल तर 1950 च्या दशकातला अमेरिकन 'सॅक' कोटही बघा. त्याला पुढच्या बाजूला डार्ट (कंबर आवळणाऱ्या शिवलेल्या चिमट्या) नसतात, त्यामुळे तो कमरेत न आवळता खांद्यावरून सरळ खाली येतो. साठच्या दशकावर जीव जडला असेल तर माझा नाइलाज आहे, पण तो कट मोठ्या अंगाशी भांडतो.

युद्धकाळच हवा असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. 1942 पासून ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे कापड वाचवण्याचे नियम लागू झाले आणि पँटच्या खालच्या दुमडीवर बंदी आली. ब्रिटनमध्ये तर डबल ब्रेस्टेड (पुढे बटणांच्या दोन रांगा असलेला) कोटही बंद झाला. म्हणजे '1943 चा' म्हणून रुंद दुमडीची पँट आणि ऐसपैस डबल ब्रेस्टेड कोट घ्याल, तर जाणकार हसतील. लग्नाला किंवा नाटकात घालायचा असेल तर कोण बघतंय म्हणा.

मग टेप हातात घ्या. माप दुसऱ्याकडून घ्यायचं, स्वतःचं स्वतः नाही, आणि श्वास आत न ओढता. छाती, पोटाचा सर्वात फुगीर भाग, बेंबीची रेषा, बसण्याचा भाग, मांडी, दंड, खांद्यापासून खांद्यापर्यंत पाठ, बाही आणि मानेखालच्या हाडापासून कोटाची लांबी. यातला सर्वात महत्त्वाचा आकडा छाती आणि कंबर यांच्यातला फरक. याला 'ड्रॉप' म्हणतात. तयार सूट बहुधा 6 इंचांच्या ड्रॉपवर कापलेले असतात: 46 चा कोट, 40 ची पँट. तुमची छाती 48 आणि कंबर 46 असेल तर ड्रॉप 2. अशा वेळी कोट बसतो आणि पँट मांडीपाशीच अडते. म्हणून कोट आणि पँट वेगवेगळ्या मापात, पण एकाच कापडात मिळतात का, हे सगळ्यात आधी विचारा. नाही म्हणाले तर पुढचं बोलणंच नको. युरोपियन लेबल असेल तर आकड्यातून 10 वजा करा; तिथला 56 म्हणजे 46.

खराखुरा जुना सूट शोधणार असाल तर मोठी मापं मुळातच कमी उरली आहेत, हे धरून चला. त्या काळी अशी गिऱ्हाइकं कमी होती, आणि टंचाईच्या दिवसांत पुरुषांचे सूट उसवून बायकांचे कोट-स्कर्ट शिवायचे सल्ले सरकारच देत असे. मोठ्या सूटात कापडही मोठं, मग तो कशाला वाचतोय! अमेरिकन लेबलवर 'पोर्टली' किंवा 'स्टाउट' असं दिसलं तर थांबा. हे सूट छातीच्या मानाने कंबर मोठी असलेल्यांसाठीच कापलेले असायचे. काळाची खातरजमा लेबलवरूनच होते. आतल्या खिशातल्या अमेरिकन युनियन लेबलवर 1949 किंवा 1962 छापलेलं असेल तर सूट त्या वर्षाच्या आधीचा नाही. ब्रिटिश कपड्यावर 'सीसी41' हा सरकारी काटकसर योजनेचा शिक्का असेल तर तो 1941 ते 1952 मधला. वूलमार्कचं, म्हणजे शुद्ध लोकरीचं, चिन्ह 1964 मध्ये आलं, तेव्हा ते असलेला सूट चाळीसच्या दशकातला म्हणून कोणी विकत असेल तर नमस्कार करून निघा.

लेबलवरच्या मापावर मात्र विसंबू नका. मधल्या काळात त्या सूटावर किती शिंप्यांचे हात फिरले असतील कोण जाणे. विक्रेत्याला सपाट मापं विचारा. कोट बटणं लावून टेबलावर पसरायचा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं. हे 26 इंच असेल तर कोटाचा घेर 52. त्यातून वावरण्यासाठीची सैल म्हणून साधारण 4 इंच वजा करा. तो कोट 48 च्या छातीला बसेल. दंडाजवळ बाहीची रुंदीही मागा. जुन्या कोटांचा मुंढा (जिथे बाही जोडतात तो काखेचा घेर) बहुतेकदा वर आणि लहान असतो. त्याने हात वर केला तरी कोट उचलला जात नाही, हा मोठा गुण, पण जाड दंडाच्या माणसाला तोच मुंढा काचतो आणि तो मोठा करणं कटकटीचं काम आहे.

मग वाढवण्याजोगं काय आहे ते पाहा. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत आत दाबलेलं कापड बऱ्याचदा इतकं असतं की कंबर दोन इंच सहज सुटते. कोटाच्या कडेच्या शिवणीत एखादा इंच सापडला तरी नशीब. बाही आत दुमडलेली असेल तर लांबते. खांदा आणि कोटाची लांबी या दोन गोष्टी जशा आहेत तशाच राहतात. म्हणून निवड नेहमी खांद्यावरून करा, पोटावरून नाही. शिवण सोडल्यावर जुनी रेघ आणि न उडालेला गडद रंग उघडा पडतो, हेही आधीच मनात धरा. कापड उजेडासमोर धरून कसरीची भोकं शोधा. काख, कोपर आणि आसन इथे विरलं आहे का ते बोटांनी चाचपा. मोठ्या अंगावरच्या पँटा मांड्यांच्या घासण्याने आतूनच आधी जातात, तेव्हा आसनाचा फोटो मागायला लाजू नका.

आता पँटबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळा डाव इथेच जिंकला किंवा हरला जातो. आजची पँट पोटाखाली बांधायची सवय असते. जुन्या धाटणीची पँट पोटावरून, बेंबीच्या रेषेवर चढते. पहिल्या दिवशी विचित्र वाटतं. पण मग पुढचं कापड पोटावरून एका सरळ रेषेत खाली उतरतं, पाय लांब दिसतात आणि वेस्टकोटखालून शर्टाची पट्टी डोकावत नाही. आखूड आसनाच्या पँटवर वेस्टकोट घालून फिरणारे पुष्कळ, आणि सगळ्यांचं तेच होतं. दुहेरी प्लीट (कमरेखालच्या चुण्या) घ्या. बसल्यावर मांडीला जागा मिळते. बेल्ट नको, गॅलिस (खांद्यावरून जाणारे पट्टे) हवेत. गोलाईवर बेल्ट टिकत नाही, घसरतोच. गॅलिस पँटचा भार खांद्यावर घेतात, आणि कंबर इंचभर सैल ठेवता येते, जेवणानंतर त्याचं मोल कळतं. चिमट्याचे नकोत, बटणांचे घ्या, आणि उंच माणसासाठी मिळणारी लांब जोडी मागा. खालचा घेर सपाट मोजून 9 इंचांपेक्षा कमी नको, नाहीतर वरचा भारदस्तपणा घोट्यापाशी येऊन मोडतो. लॅपलचंही तसंच: साडेतीन ते चार इंच. रुंद छातीवर अरुंद लॅपल हरवते.

नवा शिवून घेणार असाल तर कापडाचं वजन विचारा. आजचं सूटिंग मीटरला साधारण 250 ते 280 ग्रॅमचं असतं. जुनी कापडं 400 च्या वरही सर्रास होती. मोठ्या अंगावर जड कापड चांगलं, कारण ते चिकटत नाही, लोंबतं. अगदी थंड हवेत राहत नसाल तर 340 ते 370 पर्यंत थांबा. कोटाच्या आतला थर चिकटवलेला (फ्यूजिंग) आहे की शिवून बसवलेला (कॅनव्हास), हेही विचारा. शिंप्याकडे जाताना जुन्या सूटांचे फोटो न्या, पण सडसडीत मॉडेलचे नाही. तुमच्या अंगलटीच्या माणसांचे, त्याच काळातले न्या.

ट्रायलला ज्या शर्टावर आणि ज्या बुटांवर सूट घालणार तेच घालून जा. खिशात नेहमीचा मोबाइल आणि पाकीट ठेवा. बटण लावून बसा, वाका, बुटाची नाडी बांधा, दोन्ही हात पुढे करा. बटणापाशी इंग्रजी एक्ससारखी घडी पडली तर पोटावर सोडायला हवं. पाठीमागची चीर उघडी राहत असेल तर अडचण बसण्याच्या भागात आहे. पँटची उंची गॅलिस लावूनच ठरवा, कारण ते लावले की पँट वर जाते. तारीख ठरलेली असेल तर दुरुस्तीला महिनाभर हातात ठेवा, आणि खालची दुमड सगळ्यात शेवटी टिपायला सांगा.

जुना सूट घरी आणल्यावर लगेच कपाटात लोकरीच्या कपड्यांजवळ टांगू नका. हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवला की कसरीची अंडी मरतात. मग ब्रश, थोडी वाफ आणि रुंद खांद्याचा हँगर.